जीप थांबली, माणसं बसली

दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी लोहाऱ्यात वाहन परवान्याचा कॅम्प होता. त्या दिवशी सकाळी माझी परीक्षा चालू असताना आमच्या जीपमध्ये आठ प्रवासी बसले. जीप मी चालवत होते आणि शेजारी परीक्षा घेणारे साहेब होते. प्रवाशांना कुणी बोलावलं नव्हतं. मी पास झाले तर जीप घरी राहणार होती. नापास झाले तर ती तिथूनच उमरग्याला जाणार होती, आणि तिला न्यायला आलेला माणूस मैदानातल्या लिंबाखाली बसून शेंगा खात होता.

आमची वस्ती लोहाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या आत होती. घरी खव्याची भट्टी होती. पहाटे आमची आई, अव्वा, भट्टी पेटवायची, आणि तेव्हापासून उजाडेपर्यंत कढईच्या तळाशी लोखंडी उलथनं घासल्याचा एकसुरी आवाज घरभर चालू असायचा. आम्ही त्या आवाजावर झोपायचो आणि तो थांबला की जागे व्हायचो, कारण तो थांबला म्हणजे खवा झाला आणि आता तो ओल्या फडक्यात बांधून टोपल्यात भरायचा, जीपमध्ये ठेवायचा आणि सोलापूरच्या पहिल्या एसटीवर चढवायचा. अप्पा जीप चालवायचे. मी टोपल्यांशेजारी बसून कॉलेजला जायचे. वस्तीवर एसटी येत नव्हती, त्यामुळे माझ्या शिक्षणाचा सगळा भार त्या जुन्या डिझेल जीपवर होता. तिला मागे दार नव्हतं, वरती ताडपत्रीचं हूड होतं आणि आत समोरासमोर दोन बाकडी होती. न्याहारीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. कढईला चिकटलेली खव्याची खरवड ज्याच्या हाती आधी लागेल त्याची. थोरला भाऊ पुण्याला कंपनीत लागल्यापासून ती बहुतेक माझ्या हाती लागायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात अप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरून येणारी एसटी त्यांना एकाची दोन दिसू लागली, आणि दोन्हींच्या मधून जाण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. त्यानंतर अव्वानं त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. त्याच सुमारास बसूमामा मस्कतहून कायमचे परत आले.

बसूमामा अव्वाचे धाकटे भाऊ. विशीत गेले ते चाळिशी ओलांडून आले. एवढी वर्षं त्यांनी तिथं एका बांधकाम कंपनीच्या साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या होत्या आणि एकदाही दंड भरला नव्हता. हे ते स्वतः सांगायचे. त्याला दुजोरा देणारा दुसरा कुणी लोहारा तालुक्यात नव्हता. येताना त्यांनी खजुराचे डबे, अव्वाला एक घोंगडीएवढं जड ब्लँकेट आणि स्वतःसाठी काळा चष्मा आणला. घरात इतका अनुभवी ड्रायव्हर आल्यावर खव्याचं काम त्यांच्याकडे जाणं साहजिक होतं. त्यांचा इथला परवाना त्यांनी दर खेपेला सुट्टीवर आल्यावर चालू ठेवलेला होता.

पहिल्या दिवशी मामा जीपच्या डाव्या दारानं आत शिरले, बसले, आणि समोर स्टिअरिंग नाही हे पाहून थोडा वेळ तसेच बसून राहिले. मस्कतला गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. उजव्या बाजूला येऊन बसल्यावर वेगळीच अडचण निघाली. तिथं गिअर उजव्या हाताला असतो. मामांचा उजवा हात सवयीनं गिअर शोधायला गेला की जीपच्या दारावर आपटायचा, आणि आमच्या जीपचं ते दार आपटलं की उघडायचं. वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत ते तीन-चार वेळा उघडायचं. अप्पा मागून टोपल्या धरून म्हणायचे, “पावनं, उतरायचं असंल तर सांगा, थांबून उतरू.”

मस्कतला मळकी गाडी रस्त्यावर आणली तर दंड होतो, असं मामा म्हणत. म्हणून ते रोज सकाळी जीप धुवायचे. बोअरला पाणी बेताचं, म्हशी दावणीला ओरडत उभ्या, आणि मामा बादली घेऊन टायरच्या आतल्या बाजूनं फडकं फिरवत आहेत, हे दृश्य अव्वाला सहन व्हायचं नाही. “बसू, त्या जीपला दूध देता येत न्हाय,” ती म्हणायची. “आधी म्हशींला दाव की पानी.” मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत जीप पुन्हा धुळीनं भरायची. मामा लोहाऱ्याच्या वेशीवर थांबून ती पुन्हा पुसायचे. तिथल्या चहावाल्यानं आठवडाभर पाहिलं आणि मग अप्पांना विचारलं, “तुमच्यात रोजच खंडेनवमी हाय का हो?”

हॉर्नचं प्रकरण त्याहून गंभीर होतं. मामांच्या मते हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याला शिवी देणं. तिथं कुणी कारणाशिवाय हॉर्न दिला तर माणसं गाडीतून उतरून विचारायला येतात, असं ते सांगायचे. आमच्याकडे हॉर्नचे अर्थ बरेच होते. रामराम करायला तो वाजवायचे, ‘खवा घेऊन चाललोय, काही आणायचं का’ म्हणून विचारायलाही, आणि ‘मागून येतोय, दचकू नका’ एवढंच सांगायलाही. अप्पा घरापासून लोहाऱ्यापर्यंत प्रत्येक ओळखीच्या शेताशी एकेकदा वाजवत. मामा आले आणि जीप मुकी झाली. पंधरा दिवसांत शेजारच्या वस्तीवरचे दोन म्हातारे आमच्या अंगणात येऊन बसले. चहा घेतला नाही. त्यांतला एकजण अप्पांना म्हणाला, “आमच्याकडनं काय चूक झाली आसंल तर तोंडावर सांगावं. जीप रोज दारावरनं जायली, पर एक हारन न्हाय. एवढा अबोला बरा न्हाय.” अप्पांनी त्यांची समजूत घालायला अर्धा दिवस घेतला. मामा आत खजूर खात बसले होते. ते म्हणाले, “मी तर त्यांचा मान ठेवत होतो.”

इतक्या वर्षांनंतर, परवाच्या हिवाळ्यात मी मुलीकडे मस्कतला गेले होते. ती आणि जावई तिथं नोकरी करतात. मामा जे सांगायचे ते बहुतेक खरं निघालं. एका संध्याकाळी मी पांढऱ्या पट्ट्यांपाशी फूटपाथवर उभी होते. एक मोठी पांढरी गाडी माझ्यासमोर आवाज न करता येऊन थांबली. माझा हात आपोआप तिच्या मागच्या दाराकडे गेला. दार उघडलंही. आत एक अरब कुटुंब होतं. त्यांनी सरकून जागा केली. मुलीनं मागून येऊन माझा दंड धरला. ती अजून हे सगळ्यांना सांगते. तिचा जन्म पुण्यातला आहे. लोहाऱ्याच्या रस्त्यावर गाडी थांबते ती माणूस घ्यायला किंवा माणूस सोडायला. याशिवाय तिसरं कारण मी मोठी होईपर्यंत पाहिलं नव्हतं.

मामांचं इथलं ड्रायव्हिंग संपलं ते श्रावणात, लोहाऱ्याच्या चौकात. चौकात चार रस्ते येतात. मस्कतच्या नियमाप्रमाणे आत शिरण्याआधी थांबायचं आणि चौकात असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं. मामा थांबले. एक ट्रॅक्टर गेला, त्यामागून दोन जीपा, सायकली, बैलगाडी, पुन्हा जीप. चौक कधी रिकामा झालाच नाही, कारण तो कधीच रिकामा होत नाही. मामा इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, सरळ बसून होते. मी शेजारी होते. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. मामांनी मान खाली घातली. शेवटी पानटपरीवरचे चौघे जण आले. एकानं काचेतून विचारलं, “बंद पडली व्हय?”

“नाही, चालू आहे,” मामा म्हणाले. “त्यांना जाऊ देतोय.”

“कुणाला?”

“सगळ्यांना.”

त्या माणसानं बाकीच्यांकडे पाहिलं. मग चौघे मागे गेले, आणि चालू इंजिनची जीप त्यांनी ढकलत चौकापलीकडे नेऊन ठेवली. “आता स्टार्टर मारा,” एकजण म्हणाला आणि हात झटकत ते परत गेले. मामांनी त्यांना शुक्रिया म्हटलं. सोलापूरची पहिली एसटी तोपर्यंत गेली होती. त्या दिवशीचा खवा परत घरी आला आणि आम्ही चार दिवस खव्याच्या पोळ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी कुत्र्यानंही तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात अप्पांनी जीप विकायचं ठरवलं. उमरग्याचे मलकप्पा शेठ प्रवासी जीपा चालवायचे. त्यांनी आमची जीप आधीही दोनदा मागितली होती. खवा लोहाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं वस्तीवरूनच उचलावा, असं ठरत होतं. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण अक्कलकोटचं एक स्थळ त्याच सुमारास घरातल्या बोलण्यात यायला लागलं. मुलाचं किराणा दुकान होतं. जीप गेली की कॉलेज गेलं आणि कॉलेज गेलं की अक्कलकोट, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी जेवताना म्हणाले, “मी चालवते.”

अप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथंच धरून ठेवला. येसराची आमटी होती. ती आमच्याकडे पाहुण्यांना करतात, आणि मामा अजून पाहुणेच मोजले जात होते. “बाई मानसानं जीप?” अप्पा म्हणाले.

“तुमाला दिसत न्हाय, बसूला गर्दीतनं जाता येत न्हाय,” अव्वा म्हणाली. “ऱ्हायलं कोन? मी भट्टी सोडून येऊ व्हय?”

अप्पांनी तुकडा तोंडात टाकला. तो चावून होईपर्यंत निर्णय झाला. मी शिकाऊ परवाना काढावा. दसऱ्यानंतरच्या कॅम्पात पक्का झाला तर जीप राहील. नाही झाला तर मलकप्पा शेठनी ती तिथूनच न्यावी. खवा तोवर दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून जाईल. शिकवायचं मामांनी.

स्वतः चालवण्यापेक्षा मामा शिकवायला चांगले होते. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर ते मला रोज संध्याकाळी घेऊन जायचे. क्लच, ब्रेक, गिअर मी लवकर शिकले. वळताना हात दाखवायचा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, आरशात पाहायचं. आरसा जीपला नव्हता. मामांनी अव्वाचा कुंकवाचा आरसा तारेनं बांधला. पण सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी घालवला तो एकाच गोष्टीवर. “रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला,” ते म्हणायचे, “की तो ओलांडणार आहे असं समजायचं. थांबायचं. त्याला हातानं सांगायचं, जा. तो पलीकडे पोचल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्या देशात शेख असला तरी थांबतो, राजी.” वस्तीच्या रस्त्यावर आमच्याच घरची माणसं आणि म्हशी होत्या. मी थांबले की ती ओलांडायची. म्हशींना वेळ लागायचा, पण त्या ओलांडायच्या. नियमात काही खोट आहे असं तिथं दिसण्याचं कारण नव्हतं.

कॅम्प विश्रामगृहामागच्या मैदानात होता. परीक्षा घेणारे साहेब नाशिककडचे, नुकतेच बदलून आलेले. गणवेश कडक इस्त्रीचा होता. आधी तोंडी प्रश्न झाले. पाट्या दाखवून अर्थ विचारले. मग त्यांनी विचारलं, “पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी उभा असेल तर काय कराल?” मी म्हणाले, “थांबेन. तो पलीकडे गेल्यावर निघेन.” साहेबांनी मान हलवली आणि बरोबरची खूण केली. लिंबाखाली मलकप्पा शेठ आणि त्यांनी जीप न्यायला आणलेला ड्रायव्हर बसले होते. अप्पा आणि मामा थोडे अंतर ठेवून उभे होते. मी जीप पुढे घेतली, मागे घेतली, वळवली. साहेब म्हणाले, “ठीक. आता रस्त्यावर चला. फाट्यापर्यंत जाऊन परत.”

मैदानाबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर पिठाची गिरणी आहे. तिथं रस्त्याच्या कडेला एक म्हातारी डोक्यावर दळणाचा डबा घेऊन उभी होती. मी हात दाखवला, वेग कमी केला, थांबले आणि तिला हातानं जा म्हणाले. म्हातारी रस्ता ओलांडायच्या ऐवजी साहेबांच्या बाजूला आली. डोक्यावरचा डबा उतरवून तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“साहेब, एवढा धरा. दळान गरम हाय. खाली ठिवू नका, दनक्यानं सांडतंय.”

साहेबांनी डबा धरला. दुसरं काही करण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. म्हातारी मागून चढून बाकड्यावर बसली होती.

“आजी,” साहेब मान वळवून म्हणाले, “ही परीक्षेची गाडी आहे.”

“आसू द्या की. मी काय मधी बोलायले व्हय?”

डब्याला झाकण नव्हतं, वर फडकं होतं. ज्वारीच्या गरम पिठाचा वास जीपभर पसरला. मी विचारलं, “उतरवू का त्यांना?” साहेबांनी मागे पाहिलं. म्हातारी लुगड्याच्या पदरानं घाम पुसत होती. ते म्हणाले, “राहू द्या. येताना सोडू. चला.”

पुढे शाळेजवळ एक नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी कडेला उभी होती. मी थांबले. ती तिघं जीपच्या मागच्या बाजूला गेली आणि जीप थोडी खाली बसली.

“का थांबलात?” साहेबांनी विचारलं.

“माणसं रस्ता ओलांडायला उभी होती.”

“ओलांडला का त्यांनी?”

“नाही. बसली.”

मागून म्हातारीचा आवाज आला. “सरका की जरा, पोरीला मधी घ्या. कुनीकडं जायलाव?”

“चौकात. फाट्याला वळून तिकडंच येनार की,” बाई म्हणाली. “ही गाडी रोजची न्हाय दिसत.”

“नवी लागली. बाईच चालवायली बग. आन् किलीनर बी लई इस्त्रीतला ठिवलाय.”

साहेबांनी समोर पाहत मला सांगितलं, “यापुढे मी सांगितल्याशिवाय थांबायचं नाही. कुणीही उभं असलं तरी नाही.” त्यांचे दोन्ही हात डब्यावर होते, त्यामुळे टिपणाची वही त्यांनी हनुवटीखाली दाबली होती. हे वाक्य ते त्या स्थितीत बोलले.

फाट्यावर मी जीप वळवली. थांबले नाही. पण लोहाऱ्याकडून आलेली जीप फाट्यावर वळली याचा अर्थ ती परत लोहाऱ्याला निघाली, हे फाट्यावरच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. वळताना वेग कमी करावाच लागतो. तेवढ्यात चौघे जण पळत येऊन मागे लोंबकळले. एकानं पत्र्यावर दोनदा हात मारला. “चला! फुल्ल झाली!”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. ते किती वेळ मिटलेले होते हे मला सांगता येणार नाही, कारण मी रस्त्याकडे पाहत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा होता. हातात कासरा होता आणि कासऱ्याला गाय होती. मी साहेबांकडे पाहिलं. “थांबा,” ते म्हणाले. “इथं थांबा.” मी थांबले.

म्हातारा मात्र ओलांडेना. गाड्या पुढे निघून जायची वाट पाहण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. थांबलेल्या जीपपुढून जायचं कसं, हा प्रश्न त्याला बहुधा पहिल्यांदाच पडला असावा. त्यानं मला जा म्हणून हात केला. मी त्याला जा म्हणून हात केला. त्यानं पुन्हा केला. गाय खाली बघत होती.

“हॉर्न द्या,” साहेब म्हणाले.

मी बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. साहेबांनी हनुवटीखालच्या वहीकडे डोळे वळवले. तेवढ्यात ताडपत्रीच्या कडेनं म्हातारीनं डोकं बाहेर काढलं.

“आरं ए म्हाताऱ्या! मेलास का हुभ्या हुभ्या? घे की गाय तिकडं! साहेबांच्या मांडीला चटके बसायलेत!”

म्हातारा आणि गाय दोघं ताबडतोब पलीकडे गेले.

जीप मैदानात शिरली तेव्हा तिथं उभ्या असलेल्यांनी दोन माणसांना जाताना आणि दहा माणसांना येताना पाहिलं. मी जिथून निघाले होते तिथंच जीप उभी केली. कुणी उतरलं नाही. ज्यांना चौकात जायचं होतं त्यांच्या दृष्टीनं चौक अजून आला नव्हता. साहेब डबा घेऊन उतरले. गणवेशावर पोटापासून गुडघ्यापर्यंत पीठ होतं. डब्यातलं पीठ मात्र फडक्याखाली जसंच्या तसं होतं. अंगावर उडालं होतं ते डब्याला बाहेरून लागलेलं. मलकप्पा शेठ लिंबाखालून उठून आले आणि जीपभोवती फिरले. “आठ बसवून बी दम टाकला न्हाय,” ते आपल्या ड्रायव्हरला म्हणाले. “लाइनीला एक नंबर चालंल.” ड्रायव्हरनं किल्लीसाठी माझ्याकडे हात केला.

“थांबा,” अप्पा म्हणाले. “साहेब काय म्हनत्यात ते आयकू.”

साहेबांनी डबा म्हातारीच्या हातात दिला आणि रुमालानं हात पुसले. “हात साफ आहे हिचा,” ते म्हणाले. “पण दोन वेळा कारण नसताना थांबली. त्यामुळं हे सगळं झालं.”

मामा पुढे आले. त्यांनी काळा चष्मा काढला. “साहेब, कारण नव्हतं कसं? कडेला माणूस उभा होता. मीच शिकवलंय तिला. जगात सगळीकडे थांबतात.”

“इथं नाही थांबत.”

“पण तुमचा नियम काय आहे?”

मी म्हणाले, “सर, सकाळी तुम्ही तोंडी हेच विचारलं होतं. मी थांबेन म्हणाले, तर तुम्ही बरोबरची खूण केली.”

साहेबांनी वही उघडली. खूण तिथं होती. जीपमधून पत्र्यावर हात मारल्याचा आवाज आला. “चला की! किती टाइम?”

“थांबण्याचं सोडा,” साहेब म्हणाले. “हॉर्नचं काय? हॉर्न नसलेल्या गाडीवर मी परीक्षा घेऊच शकत नाही. सकाळीच बघायला पाहिजे होतं. ही परीक्षाच धरता येत नाही.”

“म्हंजी नापास,” मलकप्पा शेठ म्हणाले.

“हॉर्न चांगला आहे,” मामा खालच्या आवाजात म्हणाले. “वायर मी काढून ठेवलीय. पोरीला वाईट सवय लागू नये म्हणून.”

अप्पा मामांकडे वळले. ते जे बोलले ते कानडीत बोलले, आणि साहेब नाशिककडचे होते हे बरं झालं. मलकप्पा शेठना कानडी येत होती. त्यांनी मान खाली घालून शेंगांची टरफलं झटकली.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मागे परवान्यासाठी आलेल्यांची रांग उभी होती. “वायर जोडा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर हॉर्न वाजला तर सही करतो. नाही वाजला तर पुढच्या कॅम्पात या.”

पुढच्या कॅम्पापर्यंत जीप उमरग्यात असणार होती. मामांनी बॉनेट उघडलं. वायरचं टोक त्यांनी चिकटपट्टीनं बांधून एका बाजूला नीट वळवून ठेवलं होतं, तिथल्या शिस्तीप्रमाणे. त्यांनी ती सोडली, दातांनी टोक सोललं आणि जोडलं. मी बटण दाबलं.

हॉर्न वाजला. मी बटण सोडलं. हॉर्न वाजतच राहिला. आमच्या जीपचा हॉर्न ट्रकचा होता. अप्पांनी तो दूरवरच्या ओळखीच्या लोकांसाठी मुद्दाम बसवलेला. रांगेतल्या माणसांनी कानावर हात ठेवले. विश्रामगृहातून चौकीदार बाहेर पळत आला. जीपमधली लहान मुलगी रडू लागली. मामा बॉनेटमध्ये वाकून वायर ओढत होते, पण या वेळी त्यांनी ती पक्की पिळून जोडली होती. साहेब काहीतरी बोलत होते. ऐकू येत नव्हतं. म्हातारी मात्र ऐकू येत होती.

“वाजायलाय की आता! आजून काय पायजे? करा सही आन् सोडा पोरीला! माझं दळान निवून चाललंय!”

साहेबांनी माझा कागद बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि सही केली. सहीवर त्यांच्या बोटांचं पीठ लागलं. अप्पांनी तो कागद त्यांच्या हातून घेतला, डोळ्यांजवळ धरला, मग माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि वरच्या आवाजात विचारलं, “काय लिव्हलंय?” मी तितक्याच जोरात सांगितलं, “पास.” त्यांनी ते मलकप्पा शेठना सांगायला तोंड उघडलं, पण शेठनी हात वर करून ऐकल्याची खूण केली. मामांनी शेवटी बॅटरीची तार काढली तेव्हा हॉर्न बंद झाला.

हॉर्नची वायर पुन्हा काढली, बॅटरी पुन्हा जोडली आणि जीप चालू केली. मामा शेजारी बसले. अप्पा मागे म्हातारीशेजारी बसले आणि तिनं डबा त्यांच्या मांडीवर दिला. जीप मैदानाच्या फाटकाशी आली. बाहेर रस्त्याच्या कडेला मलकप्पा शेठ आणि त्यांचा ड्रायव्हर उभे होते. मी थांबले.

एसटी स्टँडवर ते दोघं मागच्या बाजूनं उतरले. उमरग्याची बस लागलेली होती.